डेबियन १२ : नोंद जतन करताना मध्येच थांबणारा सर्व्हर आणि कर्नल ट्रेसिंगची साधने

पोथीघर

नमस्कार. एका ग्रंथालयातील जुन्या नियतकालिकांचे स्कॅनिंग आणि सूचीकरण ज्या सर्व्हरवर चालते, त्याची देखभाल माझ्याकडे आहे. त्यावर डेबियन १२ हे लिनक्स वितरण असून कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ६.१ मालिकेतला आहे. दोन हार्ड डिस्क रेड १ पद्धतीने (दोन्हींवर तोच डेटा) जोडलेल्या आहेत आणि त्यांवर एकच एक्स्ट४ फाइल सिस्टिम आहे. स्कॅनिंगच्या संगणकांवरून सांबा या नेटवर्कवरील फाइल-सेवेमार्फत येणाऱ्या मोठमोठ्या टिफ फायली तिथेच साठतात आणि सूचीकरणाच्या वेब अ‍ॅप्लिकेशनचा एसक्यूलाइट डेटाबेसही तिथेच आहे.

अडचण अशी आहे की, सूचीकार एखादी नोंद भरून ‘जतन करा’ हे बटण दाबतात तेव्हा बहुतेक वेळा ती तत्काळ जतन होते, परंतु दिवसातून अनेकदा पडदा काही सेकंद गोठल्यासारखा होतो आणि मग सगळे पूर्ववत सुरू होते. ‘टॉप’मध्ये सीपीयू जवळजवळ रिकामा दिसतो, मेमरीही पुरेशी मोकळी असते, अडकलेल्या वेळी अ‍ॅप्लिकेशनची प्रोसेस ‘डी’ अवस्थेत (बहुधा डिस्कची वाट पाहत झोपलेली) असते, एवढेच कळते. ‘आयओस्टॅट’ पाहिले तर डिस्क व्यग्र आहे हे दिसते, पण ती कोणासाठी व्यग्र आहे आणि माझी नोंद नेमकी कशाची वाट पाहत थांबली आहे, हे त्यातून समजत नाही.

म्हणून कर्नलच्या आतला माग काढावा असे ठरवले, मात्र साधने बसवतानाच अडथळे येत आहेत. ट्रेसिंगच्या फायलींमध्ये ‘सूडो’ (रूटचा, म्हणजे प्रशासकाचा, अधिकार देणारी आज्ञा) लावून लिहू गेल्यास परवानगी नाकारली जाते. ‘बायोलेटन्सी’ ही डिस्कला लागणाऱ्या वेळेचा आलेख काढणारी आज्ञा पॅकेज बसवूनही सापडत नाही, आणि त्याच पॅकेजमधली दुसरी एक आज्ञा कर्नलची हेडर्स (त्याच्या रचनांचे वर्णन करणाऱ्या सी भाषेतील फायली) मिळत नाहीत म्हणून बंद पडते. एलटीटीएनजी, सिस्टिमटॅप, पर्फ, बीपीएफट्रेस अशी माग काढणाऱ्या साधनांची अनेक नावे वाचनात येतात, परंतु माझ्या प्रश्नासाठी त्यांतले कोणते आधी हाती घ्यावे हे उमगत नाही. सर्व्हरवर सिक्युअर बूट (सही असलेलाच कर्नल सुरू होऊ देणारी सोय) चालू आहे आणि ते बंद करण्याची मला मुभा नाही. सर्व्हर दिवसभर वापरात असल्यामुळे त्याच्यावर ताण येणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागेल. कृपया मार्गदर्शन करावे.

उंबरठा

नवे पॅकेज बसवण्यापूर्वी कर्नलमध्ये जे आधीपासूनच आहे ते वापरून पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बरेच जण याच्या उलट क्रमाने जातात आणि त्यांचा सारा उत्साह बसवण्याच्या खटपटीतच संपतो. (आज्ञा आणि फायलींची नावे मी येथे देवनागरीत लिहीत आहे; टाइप करताना ती अर्थातच रोमनमध्ये द्यावीत.)

प्रोसेस ‘डी’ अवस्थेत अडकलेली असतानाच तिचा पीआयडी (प्रोसेस क्रमांक) घेऊन, रूट म्हणून, ‘/प्रॉक’मधल्या त्या क्रमांकाच्या डिरेक्टरीतील ‘स्टॅक’ ही फाइल वाचा. ती प्रोसेस कर्नलच्या कोणत्या फंक्शनमध्ये उभी आहे आणि तिथे कोणत्या वाटेने पोहोचली, हे त्यात ओळीने लिहिलेले असते. चार-पाच अडकण्यांच्या वेळी ही फाइल वाचली आणि दर वेळी वरच्या ओळी त्याच निघाल्या, तर निम्मे काम झाले. तुमच्याकडे ‘जेबीडी२_लॉग_वेट_कमिट’ हे नाव दिसेल असा माझा अंदाज आहे, कारण एसक्यूलाइट प्रत्येक व्यवहाराच्या शेवटी माहिती डिस्कवर खरोखर उतरल्याची खात्री मागते आणि एक्स्ट४ वर ही मागणी बहुधा जर्नलच्या (फाइल सिस्टिमच्या बदलांची नोंदवही) कमिटपाशी, म्हणजे त्यातला व्यवहार पक्का होण्यापाशी, येऊन थांबते.

आता परवानगीविषयी. ‘सूडो इको’ लिहून पुढे ‘>’ या चिन्हाने फाइलचे नाव दिले, तर सूडोचा अधिकार फक्त इकोला मिळतो. फाइल उघडण्याचे काम मात्र तुमचे शेल तुमच्या साध्या अधिकारातच करते आणि म्हणून नकार येतो. एकतर ‘सूडो -आय’ने रूटचे शेल उघडा, किंवा इकोचा मजकूर पाइपने ‘सूडो टी’कडे सोपवा.

ट्रेसिंगच्या फायली ‘/सिस/कर्नल/ट्रेसिंग’ येथे असतात. जुन्या लेखांमध्ये ‘/सिस/कर्नल/डीबग/ट्रेसिंग’ असा पत्ता दिसेल, कर्नल ४.१ पासून ट्रेसएफएस ही वेगळी फाइल सिस्टिम झाल्यामुळे पहिला पत्ता धरावा. या फायलींमागची एफट्रेस ही व्यवस्था २००८ साली २.६.२७ या आवृत्तीत कर्नलमध्ये आली आणि ती स्टीव्हन रोस्टेट यांनी उभी केली. ताणाबद्दलची तुमची शंका रास्त आहे, म्हणून ती कशी चालते तेही सांगतो. कर्नल बांधताना कंपायलर जवळजवळ प्रत्येक फंक्शनच्या आरंभी एक लहानसा कॉल घालून ठेवतो. यंत्र सुरू होताना कर्नल स्वतःच त्या जागी काहीही न करणारी सूचना भरतो, जी एक्स८६ वर पाच बाइटची असते, आणि आपण ट्रेसिंग चालू केले की फक्त निवडलेल्या फंक्शनपुरती ती सूचना पुन्हा कॉलमध्ये बदलली जाते. त्यामुळे ट्रेसिंग बंद असताना खर्च नगण्य असतो, चालू असताना तो तुमच्या निवडीवर ठरतो. गाळणी न लावता सगळ्या फंक्शनांचा माग सुरू करणे मात्र चालत्या सर्व्हरवर टाळावे.

तुमच्या प्रश्नासाठी क्रम असा ठेवा. ‘सेट_ग्राफ_फंक्शन’ या फाइलमध्ये ‘एक्स्ट४_सिंक_फाइल’ हे नाव लिहा. ‘ट्रेसिंग_थ्रेश’मध्ये १००००० लिहा; हा आकडा मायक्रोसेकंदांत असल्याने एक दशांश सेकंदाहून कमी वेळ घेणारी फंक्शने नोंदलीच जाणार नाहीत. ‘ऑप्शन्स’ डिरेक्टरीतल्या ‘फंकग्राफ-प्रॉक’मध्ये १ लिहिल्यास प्रोसेसचे नावही दिसते. या सगळ्यानंतर, शेवटी, ‘करंट_ट्रेसर’मध्ये ‘फंक्शन_ग्राफ’ लिहा आणि ‘ट्रेस_पाइप’ वाचत बसा. मर्यादा लावलेली असल्यामुळे तुम्हाला फक्त बंद होणारे महिरपी कंस आणि त्यांच्यापुढे फंक्शनांची नावे दिसतील. वेळेच्या रकान्यात आकड्याआधी एक चिन्ह येते: ‘*’ म्हणजे १० मिलिसेकंदांहून अधिक, ‘@’ म्हणजे १०० मिलिसेकंदांहून अधिक आणि ‘$’ म्हणजे एका सेकंदाहून अधिक. नोंद अडकते त्या क्षणी डॉलरचे चिन्ह असलेल्या ओळी येतात का, आणि त्यांतले सर्वांत आतले फंक्शन कोणते, एवढेच पाहायचे आहे. या वेळेत प्रोसेस झोपून वाट पाहत होती तो काळही धरलेला असतो, आणि तुम्हाला तोच मोजायचा आहे. काम झाल्यावर ‘करंट_ट्रेसर’मध्ये ‘नॉप’ लिहायला विसरू नका.

दीपमाळ

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु साधने बसवण्याचा तुमचा प्रश्नही सुटायला हवा, कारण पुढे तो पुन्हा येईलच.

‘बायोलेटन्सी’ ज्यात येते त्या बीसीसी या संचाची साधने बीपीएफ, म्हणजे कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवण्याची सोय, वापरतात. डेबियनमध्ये बीसीसीच्या साधनांचे पॅकेज ‘बीपीएफसीसी-टूल्स’ या नावाचे आहे आणि त्यातल्या प्रत्येक आज्ञेला ‘-बीपीएफसीसी’ असे शेपूट जोडलेले असते. म्हणून ‘बायोलेटन्सी’ सापडत नाही, ‘बायोलेटन्सी-बीपीएफसीसी’ सापडते. या आज्ञा रूटसाठीच्या ‘एसबिन’ डिरेक्टरीत असल्याने साध्या वापरकर्त्याच्या शेलला त्या दिसत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

हेडर्सची तक्रार येते ती यासाठी की, पायथनमध्ये लिहिलेली ही साधने आपला छोटा सी प्रोग्रॅम प्रत्येक वेळी तुमच्याच यंत्रावर कंपाइल करतात, आणि त्यासाठी चालू कर्नलच्या नेमक्या आवृत्तीची हेडर्स लागतात. विशिष्ट आवृत्तीचे पॅकेज बसवण्यापेक्षा ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ हे मेटापॅकेज बसवावे, म्हणजे कर्नल अद्ययावत झाला की हेडर्सही त्याच्याबरोबर येतील. तरीही तक्रार राहिली, तर ‘यूनेम -आर’ने चालू कर्नलची आवृत्ती पाहा. सुरक्षेचे अद्यतन होऊन नवा कर्नल डिस्कवर आलेला असतो, पण यंत्र रीबूट न झाल्यामुळे जुनाच चालू असतो, ही स्थिती सर्व्हरवर फार वेळा आढळते.

बीपीएफट्रेसला ही अडचण सहसा येत नाही. कर्नलच्या सगळ्या रचनांचे वर्णन बीटीएफ या आटोपशीर स्वरूपात कर्नलसोबतच ठेवलेले असते आणि डेबियन ११ पासून ते उपलब्ध आहे. ‘/सिस/कर्नल/बीटीएफ’मध्ये ‘व्हीएमलिनक्स’ ही फाइल असली की बहुतेक कामांसाठी हेडर्सची गरजच उरत नाही. म्हणून एकच साधन बसवायचे झाले तर मी ‘बीपीएफट्रेस’ सुचवीन. पर्फ हवे असल्यास डेबियनमध्ये पॅकेजचे नाव ‘लिनक्स-पर्फ’ आहे. ते रूट म्हणून चालवा, कारण साध्या वापरकर्त्याला ते डेबियनमध्ये मुद्दामच बंद ठेवलेले आहे.

वाटाड्या

सिक्युअर बूटविषयी थोडे लिहितो, कारण कोणते साधन निवडायचे हे तुमच्या बाबतीत पुष्कळसे त्यावरच ठरते.

सिक्युअर बूट चालू असले की डेबियनचा कर्नल लॉकडाउनच्या (रूटलाही कर्नलमध्ये ढवळाढवळ करू न देणारे बंधन) ‘इंटेग्रिटी’ पातळीवर जातो. ‘/सिस/कर्नल/सिक्युरिटी/लॉकडाउन’ ही फाइल वाचल्यास चालू पातळी चौकटी कंसात दिसते. या पातळीवर एफट्रेस, पर्फ आणि बीपीएफने केवळ माहिती वाचणे चालते. सही नसलेले कर्नल मॉड्यूल (चालत्या कर्नलला जोडायचा भाग) मात्र चढू दिले जात नाही. याहून कडक असलेल्या ‘कॉन्फिडेन्शियालिटी’ पातळीवर कर्नलची मेमरी वाचणेही बंद होते, पण ती कोणी जाणूनबुजून लावल्याशिवाय लागत नाही.

सिस्टिमटॅप तुमच्या स्क्रिप्टचे रूपांतर कर्नल मॉड्यूलमध्ये करते, आणि एलटीटीएनजीचा कर्नलमधला भागही कर्नलच्या मूळ वृक्षाबाहेरची मॉड्यूले म्हणून डीकेएमएसमार्फत (तुमच्याच यंत्रावर मॉड्यूल बांधणारी व्यवस्था) बांधला जातो. म्हणजे दोन्हींसाठी तुम्हाला स्वतःची सही करण्याची किल्ली तयार करून ती ‘मोकयूटिल’ने नोंदवावी लागेल, आणि पुढच्या रीबूटच्या वेळी यंत्रापाशी बसून, निळ्या पडद्यावर संकेतशब्द देऊन ती मान्य करावी लागेल. सर्व्हर दूरच्या खोलीत असेल आणि कन्सोल हाताशी नसेल, तर हा उपद्व्याप नको.

याचा अर्थ एलटीटीएनजी दुय्यम आहे, असा नाही. अनेक तासांचा अखंड माग अत्यल्प ताणात नोंदवून नंतर सावकाश तपासायचा असेल, किंवा अ‍ॅप्लिकेशनच्या आणि कर्नलच्या घटना एकाच कालरेषेवर मांडायच्या असतील, तर मी आजही त्याच्याकडेच वळतो. तुमचा प्रश्न मात्र एका ठरावीक जागी लागणाऱ्या वेळाचा आहे. अशा प्रश्नासाठी घटनांचा डोंगर डिस्कवर ओतण्यापेक्षा कर्नलच्या आतच बेरीज करून फक्त आलेख बाहेर काढणारे साधन बरे, विशेषतः तक्रार डिस्कबद्दलच असताना. सोलारिस १० सोबत २००५ साली आलेल्या डीट्रेसने ही पद्धत रुळवली आणि लिनक्सवर बीपीएफट्रेस तिचाच वारसा चालवतो.

पोथीघर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. उंबरठा यांनी सांगितलेल्या क्रमाने गेलो आणि चित्र बरेच स्पष्ट झाले.

‘स्टॅक’ फाइलमध्ये सगळ्यांत वर ‘जेबीडी२_लॉग_वेट_कमिट’ हेच नाव वारंवार आले. फंक्शन_ग्राफमध्ये नोंद अडकल्याच्या प्रत्येक वेळी डॉलरचे चिन्ह असलेली ओळ आली आणि तिच्या आत तेच फंक्शन होते. म्हणजे माझी प्रोसेस जर्नलच्या कमिटची वाट पाहते, हे निश्चित झाले. पण एसक्यूलाइटची एक नोंद जेमतेम काही किलोबाइटची असताना कमिटला सेकंद का लागावेत, हा प्रश्न उरला.

म्हणून ‘इव्हेंट्स’ डिरेक्टरीत जेबीडी२ (एक्स्ट४ चे जर्नल सांभाळणारा कर्नलचा भाग) खाली काय आहे ते पाहिले, तेव्हा ‘जेबीडी२_रन_स्टॅट्स’ हा ट्रेसपॉइंट (कर्नलमध्ये आधीच ठेवलेली नोंदीची जागा) सापडला. प्रत्येक कमिटनंतर तो एक ओळ लिहितो आणि कमिटच्या कोणत्या टप्प्यात किती मिलिसेकंद गेले ते वेगवेगळे सांगतो. नेहमीच्या कमिटमध्ये ‘फ्लशिंग’ (फायलींचा डेटा डिस्कवर उतरवणे) शून्याच्या आसपास असते. अडकलेल्या कमिटमध्ये ‘लॉगिंग’ (जर्नलमध्ये लिहिणे) लहानच राहते, परंतु ‘फ्लशिंग’ हजारोंच्या घरात जाते. या ओळी स्कॅनिंग कक्षाच्या वेळांशी ताडून पाहिल्या, तर त्या टिफ फायलींची गठ्ठ्याने नकल चालू असतानाच्याच निघाल्या.

हाच ट्रेसपॉइंट बीपीएफट्रेसमध्ये वापरून ‘फ्लशिंग’चा आलेख काढला, तर आकृती तशीच आली, पण आकडे आधीच्यापेक्षा सुमारे चौपट लहान आहेत. हा फरक कशामुळे पडतो? आणि यावर उपाय काय करावा? सांबाच्या सेवेला सिस्टिमडी या सेवा-व्यवस्थापकामधून लिहिण्याच्या वेगाची मर्यादा घालावी, असा माझा विचार आहे.

उंबरठा

चौपटीचे कारण सरळ आहे. कर्नल तो वेळ जिफीमध्ये, म्हणजे आपल्या घड्याळाच्या ठोक्यांत, साठवतो. एफट्रेस ओळ छापताना त्याचे मिलिसेकंद करतो, बीपीएफट्रेसला मात्र कच्चा आकडा मिळतो. डेबियनच्या कर्नलमध्ये घड्याळाचे २५० ठोके एका सेकंदात पडतात, म्हणून एक जिफी ४ मिलिसेकंदांची. आकड्याला ४ ने गुणून मगच आलेख काढा. अन्य वितरणांत ठोक्यांची संख्या वेगळी असू शकते, त्यामुळे हाच गुणक दुसरीकडे तसाच नेऊ नका.

‘फ्लशिंग’ वाढते ते एक्स्ट४ च्या ‘ऑर्डर्ड’ या मूळ पद्धतीमुळे. त्या व्यवहारात ज्या फायलींना डिस्कवर नवी जागा दिली गेली, त्यांचा डेटा आधी डिस्कवर गेला पाहिजे आणि मगच व्यवहार पक्का होतो, असा तिचा नियम आहे. नाहीतर वीज गेल्यास नव्या फाइलमध्ये जुन्या, पुसलेल्या फायलींचे अवशेष दिसू शकतील. फाइल सिस्टिमला जर्नल एकच असल्यामुळे सूचीकाराची छोटी नोंद आणि टिफ फायलींना दिलेली जागा एकाच व्यवहारात येतात, आणि छोटी नोंद मोठ्या फायलींच्या मागे ताटकळते.

सांबाला वेगमर्यादा घालण्याचा विचार मात्र कृपया सोडा. कमिट ज्या डेटाची वाट पाहते त्याचाच वेग तुम्ही कमी केलात, तर कमिट आणखी लांबेल आणि सूचीकारांची प्रतीक्षा वाढेल. हा सापळा सहज ध्यानात येत नाही, म्हणून आवर्जून लिहितो आहे. जर्नल वेगळ्या जलद डिस्कवर ठेवण्याचा सल्लाही कोणी देईल, पण तुमच्याकडे वेळ ‘लॉगिंग’मध्ये जातच नाही, त्यामुळे त्याचा फारसा उपयोग होणार नाही.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे डेटाबेस स्वतंत्र फाइल सिस्टिमवर नेणे, शक्य असल्यास लहानशा एसएसडीवर. त्याच हार्ड डिस्कवर वेगळे विभाजन केले तरी जर्नल वेगळे होते, म्हणून निदान टिफच्या फ्लशिंगची वाट पाहावी लागत नाही. डिस्कच्या रांगेतला वाटा तेवढा राहतो.

दीपमाळ

एसएसडी मंजूर होईपर्यंत करता येण्याजोगे दोन उपाय सांगतो.

पहिला उपाय कर्नलच्या बाजूचा आहे. डिस्कवर न उतरलेला डेटा मेमरीत किती साठू द्यायचा, याच्या मर्यादा मूळ स्थितीत उपलब्ध मेमरीच्या टक्केवारीत असतात: पार्श्वभूमीला लिहिणे १० टक्क्यांवर सुरू होते आणि लिहिणाऱ्या प्रोसेसला २० टक्क्यांवर थांबवले जाते. भरपूर मेमरी असलेल्या यंत्रावर हे काही गिगाबाइट होतात आणि हार्ड डिस्कला ते उतरवायला बराच वेळ लागतो. ‘व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स’ आणि ‘व्हीएम.डर्टी_बाइट्स’ यांना काहीशे मेगाबाइटच्या मर्यादेत आणा. ते दिले की टक्केवारीच्या किमती आपोआप शून्य दिसू लागतात, त्याने घाबरू नका. टिफची नकल करणाऱ्यांना वेग थोडा कमी जाणवेल, ही कल्पना त्यांना आधी द्या.

दुसरा उपाय अ‍ॅप्लिकेशनच्या बाजूचा. एसक्यूलाइटची मूळ पद्धत प्रत्येक व्यवहारासाठी वेगळी जर्नल फाइल निर्माण करून शेवटी ती पुसते, आणि त्यात डिस्कवर उतरल्याची खात्री एकाहून अधिक वेळा मागितली जाते. ‘वॉल’ (बदल आधी वेगळ्या नोंद-फाइलीत लिहिणारी) पद्धत लावल्यास या मागण्या बऱ्याच घटतात. मात्र डेटाबेसची फाइल कोणी सांबामार्फत दुसऱ्या संगणकावरून थेट उघडत असेल, तर ही पद्धत लावू नका. नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिमवर ती चालत नाही.

दोन्ही बदल एकाच दिवशी करू नयेत. पहिल्यानंतर ‘जेबीडी२_रन_स्टॅट्स’च्या ओळी स्कॅनिंगच्या ऐन गर्दीच्या वेळी पुन्हा नोंदवा, त्या जपून ठेवा आणि मग दुसरा करा. सततच्या नजरेसाठी ट्रेसिंग चालू ठेवण्याचीही गरज नाही: ‘/प्रॉक/एफएस/जेबीडी२’ खाली तुमच्या डिस्कच्या नावाच्या डिरेक्टरीत ‘इन्फो’ ही फाइल असते आणि तिच्यात याच टप्प्यांच्या सरासऱ्या मिलिसेकंदांत लिहिलेल्या असतात. त्या फाइल सिस्टिम माउंट झाल्यापासूनच्या असल्याने बदल हळूहळू उमटेल; ताज्या स्थितीसाठी ट्रेसपॉइंटच वापरा.